ते जुनंच आहे!

नापास होण्याचे दोनच प्रकार आहेत, अशी वयाची पंचेचाळीस वर्षे माझी समजूत होती. नापास होणार अशी खात्री असताना नापास होणे हा पहिला, आणि पास होणार अशी खात्री असताना नापास होणे हा दुसरा. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी हे दोन्ही प्रकार एकाच मार्कलिस्टमध्ये करून दाखवले होते. (गणितात पहिला, मराठीत दुसरा. मराठीचा उल्लेख वाचकांनी फार मनावर घेऊ नये.) परंतु नापास होणे हेच ज्याच्याकडून अपेक्षित आहे, जो रोज रात्री नेमाने नापास होतो म्हणून ज्याचे पालक समाधानाने झोपतात, असाही विद्यार्थी या जगात असतो, हे मला गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी कळले.

कळवले आमच्या भाचेरावांनी. भाचेराव पुण्याला हिंजवडीत कंपायलरच्या कामावर आहेत. ताईला कोणी विचारले की मुलगा काय करतो, तर ती 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढेच सांगते. मला मात्र त्याने एकदा नीट समजावून दिले आहे. कंपायलरला सरकारी मराठीत 'संकलक' म्हणतात. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे कात्री, डिंक आणि जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग घेऊन बसलेले एक पेन्शनर गृहस्थ येतात. वास्तविक हा भाषांतर करणारा इसम आहे. माणूस आपल्याला कळेल अशा भाषेत प्रोग्राम लिहितो आणि हा त्याचे यंत्राला कळेल अशा भाषेत भाषांतर करून देतो.

आता भाषांतरात चूक झाली की काय होते, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. खातेदाराने स्लिपवर आकड्यांत पाचशे लिहिले, अक्षरी पाचशे लिहिले, सही केली, आणि आमच्यासारख्याने पाच हजार नावे टाकले, तर त्यात खातेदाराचा काय दोष? पण तो बिचारा घरी जाऊन आपलीच काउंटरफॉइल दहा वेळा उजेडात धरून बघतो. कंपायलरची चूक अशीच असते. लिहिणाऱ्याचा प्रोग्राम बरोबर, यंत्र धडधाकट, आणि घोटाळा मधल्यामध्ये. लिहिणारा आठवडाभर आपलाच प्रोग्राम उलटासुलटा करीत बसतो आणि शेवटी स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो.

बरे, हे भाषांतरकार काही लहानसहान नव्हेत. जीसीसी नावाचा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली बाहेर काढला. लिनक्सचा गाभा वर्षानुवर्षे त्याच्याच हाताखालून जात आला आहे. एलएलव्हीएम नावाचा दुसरा खटाटोप २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला. त्यातला क्लँग नावाचा कंपायलर तुमच्या-आमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या कामी येतो. म्हणजे इथला कारकून चुकला तर एका खातेदाराचे पाचशेचे पाच हजार होत नाहीत, गावातल्या सगळ्यांचेच होतात, आणि तेही एकाच वेळी.

म्हणून या लोकांनी कंपायलरसाठी परीक्षा ठेवलेल्या आहेत. छोटे छोटे प्रोग्राम, आणि प्रत्येकाचे उत्तर आधी ठरलेले. कंपायलरमध्ये कोणी एक ओळ जरी बदलली तरी या सगळ्या परीक्षा पुन्हा घ्यायच्या. जीसीसीच्या एका फेरीतले निकाल लाखांच्या घरात जातात, असे भाचेराव म्हणाले. इतके पेपर तपासूनही कोणी मानधनासाठी संप करीत नाही, कारण तपासणारेही यंत्रच. काल पास झालेला आज नापास झाला तर त्याला हे लोक 'रिग्रेशन' म्हणतात. आमच्या आळीत त्याला 'पोरगं बिघडलं' म्हणतात. बिघडलेले पोर त्याच दिवशी सापडले तर कान धरता येतो, सहा महिन्यांनी सापडले तर ते आपला कान धरते. परीक्षांचा सगळा खटाटोप त्याच दिवशी सापडावे म्हणून.

तर त्या शनिवारी भाचेराव आमच्याकडे डोंबिवलीला मुक्कामाला होते. दुसरा शनिवार म्हणजे बँकेला सुटी, म्हणून मी सकाळी नऊ वाजता पोहे खात होतो. आतून न्हाणीघरातल्या नळाचे ठिबक ठिबक ऐकू येत होते. तो नळ दिवाळीपासून गळतो आहे. भाचेरावांचा लॅपटॉप रात्रभर चालू होता. त्यांनी तो उघडला, पाहिला आणि म्हणाले, "चला, सगळं पास!"

मी बँकेतला माणूस. 'सगळं' हा शब्द ऐकला की मला आधी आकडे बघावेसे वाटतात. खांद्यावरून वाकून पाहिले. तळाला निकालाची बेरीज होती. पहिल्या ओळीत अपेक्षेप्रमाणे पास झालेले, हे लाखांत. अनपेक्षित नापास, शून्य. आणि त्याखाली आणखी एक ओळ, तिच्यात तीनआकडी संख्या.

"हे कोण?" मी विचारले.

"ते अपेक्षित नापास. एक्सफेल म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे ते नापास होणार हे आम्हाला माहीतच असतं. तसा शिक्काच मारलेला असतो त्यांच्यावर. मोजायचे नाहीत."

"कशाने नापास होतात?"

"मामा, ते जुनंच आहे. गेल्या आठवड्यातही तेवढेच होते."

माझा पोह्याचा चमचा हवेत थांबला. कारण 'ते जुनंच आहे' हे वाक्य मी ओळखतो. गेली बावीस वर्षे कॅश काउंटरपासून अकाउंट्सपर्यंत ज्या ज्या टेबलावर मी बसलो, त्या प्रत्येक टेबलाच्या खणात हे वाक्य मला आयते मिळाले, आणि टेबल सोडताना मी ते पुढच्याच्या हवाली केले.

आता न्यायाने बोलायचे तर ही अपेक्षित नापासाची कल्पना मुळात वाईट नाही. शत्रूचीही बाजू मांडावी, निदान पोह्यावर लिंबू पिळून होईपर्यंत तरी. समजा, कोणाला कंपायलरमध्ये एक चूक सापडली. ती दुरुस्त करायला दोन महिने लागणार. पण चूक दाखवणारी परीक्षा आजच तयार आहे. ती ठेवावी तर रोज लाल दिवा लागतो. आणि दिवा रोजच लाल असला की कोणी बघेनासे होते. आमच्या शाखेतला धोक्याचा भोंगा एका पावसाळ्यात ओल लागून रोज दुपारी अडीचला वाजायचा. पहिल्या दिवशी सगळे टेबलाखाली गेले, आठव्या दिवशी त्याच्या ठोक्यावर चहा यायला लागला. असे होऊ नये म्हणून परीक्षा ठेवायची, पण तिच्यावर 'ही सध्या नापास होईल' असा शिक्का मारायचा. यालाच बँकेत आम्ही उचंत खाते म्हणतो, म्हणजे सस्पेन्स अकाउंट. रक्कम कोणाची ते कळत नाही, तोवर तिथे बसवायची. उचंत खात्याशिवाय जगातली कुठलीही बँक संध्याकाळी घरी जाऊ शकणार नाही.

माझे भांडण शिक्क्याशी नाही. शिक्का मारून हात झटकणाऱ्याशी आहे. लिंबू पिळून झाले, आता ऐका.

मी भाचेरावांना पहिला प्रश्न विचारला तो असा. नापास होणार हे माहीत आहे, मान्य. पण कसा नापास होणार हे माहीत आहे का? एखादा मुलगा गणितात नापास होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून तो पेपराला बसलाच नाही, किंवा पेपर लिहिताना भोवळ येऊन पडला, तरी 'नापासच व्हायचा होता' म्हणून सोडून द्यायचे? एलएलव्हीएममध्ये परीक्षा घेणारा लिट नावाचा मास्तर आहे. त्याच्या एकेका पेपरात पुष्कळदा तीन-चार प्रश्न असतात. एक जरी चुकला तरी पेपर नापास. आता पेपरावर अपेक्षित नापासाचा शिक्का मारला तो तिसऱ्या प्रश्नासाठी. उद्या पहिलाच प्रश्न चुकू लागला, किंवा कंपायलर उत्तर न देता जागच्या जागी कोसळला, तरी मास्तर म्हणणार, "नापास ना? ठीक आहे, अपेक्षेप्रमाणे." सर्दीच्या रजेवर गेलेला माणूस पाय मोडून घेतो आणि मस्टरवर 'रजा' एवढेच लागते.

"त्यावर उपाय आहे," भाचेराव म्हणाले. जीसीसीत 'हा पेपर लिहिताना कंपायलर कोसळणार' असे वेगळे लिहिण्याची सोय आहे, आणि एलएलव्हीएममध्येही नुसते चुकणे वेगळे आणि कोसळणे वेगळे असे बजावून सांगता येते. शिक्का सबंध पेपरावर न मारता नेमक्या ओळीवरही मारता येतो.

"मग तुमच्या या तीनआकडी मंडळींपैकी कितींवर असं लिहिलंय?"

भाचेराव पोहे खाऊ लागले.

दुसरा प्रश्न यंत्रांचा. कंपायलर अनेक जातींच्या यंत्रांसाठी भाषांतर करतो. चूक एका जातीच्या यंत्रावर असते, पण शिक्का मारणारा घाईत असतो. 'अमुक यंत्रावर नापास' असे लिहायला ते यंत्र कोणते हे शोधावे लागते. त्यापेक्षा एक तारा टाइप केला की सगळ्या यंत्रांवर माफी. आमच्याकडे एकदा एका खातेदाराची सही जुळत नव्हती, तर एका उत्साही सहकाऱ्याने सबंध लेजरवर 'सही तपासू नये' असे लिहून ठेवले होते, त्यातलाच हा प्रकार. ज्या यंत्रांवर पेपर नीट सुटत होता, तिथे उद्या तो बिघडला तरी आरडाओरडा होणार नाही. बिघडण्याचे लायसन्स आपणच आधी काढून दिलेले.

तिसरा प्रश्न सर्वांत गमतीचा. नापास व्हायचा तो चुकून पास झाला तर?

"त्याला एक्सपास म्हणतात," भाचेराव म्हणाले. "अनपेक्षित पास. लिट तर त्यालाही नापासच धरतो. अख्खी फेरी लाल करतो."

या मास्तराविषयी मला एकदम आदर वाटला. ज्या पोराकडून अपेक्षा नव्हती ते पास झाले तर पेढे नंतर, आधी चौकशी. आणि ती चौकशी हवीच. दुसऱ्याच कोणी तिसऱ्याच कारणासाठी कंपायलरमध्ये काही बदल केला आणि आपली जुनी चूक आपोआप बरी झाली, असे वारंवार घडते. आनंद आहे. पण तो शिक्का तसाच राहिला तर काय होते पाहा. आज पास झाला, कोणी लक्ष दिले नाही. पुढच्या महिन्यात कोणीतरी पुन्हा बिघडवला. आता हे ताजे बिघडणे, चांगले चालू असलेले मोडले. पण निकालात काय येणार? 'अपेक्षित नापास.' घरात शांतता. परीक्षा आहे, रोज घेतली जाते, रोज नापास होते, आणि तरीही ती काहीही सांगत नाही. अशा परीक्षेपेक्षा परीक्षा नसलेली बरी, निदान आपण तपासतो आहोत असा भ्रम तरी राहत नाही.

"आमच्याकडे एक्सपास आला की आधी बघतात कोणामुळे आला," भाचेराव म्हणाले, "आणि डेडलाइन जवळ असेल तर..."

"तर?"

"तर 'हा पेपर लहरी आहे' असं लिहितात."

लहरी! बँकेत आम्ही याला 'सिस्टिमचा प्रॉब्लेम' म्हणतो. काही पेपर खरोखरच लहरी असतात, वेळेच्या गणितावर आज पास उद्या नापास होतात, हे मलाही पटते. पण लहरी माणसाला लहरी म्हणण्याआधी त्याची तब्येत विचारावी.

चौथी गोष्ट कालची. नवा निकाल कशाशी ताडून पाहता, असे विचारले तर म्हणाले, कालच्याशी. आता वरवर पाहता हे शहाणपणाचे दिसते. काल पास, आज नापास, म्हणजे बिघाड. पण मग हा बिघाड ओरडतो किती वेळा? एकदाच! कारण उद्याचा 'काल' म्हणजे आज. आज तो नापास आहे, उद्याही नापास, म्हणजे बदल काही नाही. ज्या दिवशी तो ओरडला त्या दिवशी गणपती असले, किंवा ज्याने बघायचे तो सासुरवाडीला गेला असला, तर तो बिघाड एका रात्रीत जुना होतो. हिशेबाच्या वहीत एकदा चुकीची शिल्लक पुढल्या पानावर ओढली की ती 'मागील पानावरून पुढे आणलेली' होते, आणि मागील पानाइतके पवित्र स्थान कारकुनाच्या जगात दुसरे नाही. तिथे परत जायचे नसते. जीसीसीच्या परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेचे नावच मुळी डेजाग्नू आहे. 'हे पूर्वी कुठेतरी पाहिलंय' असे वाटण्याला डेजा व्ह्यू म्हणतात, त्यावरची ती कोटी. नाव ठेवणाऱ्याने विनोद केला असेल, पण माझ्या मते त्याने निदान केले आहे. पूर्वी पाहिल्यासारखे वाटले की माणूस पाहणे थांबवतो.

भाचेरावांनी आता बशी बाजूला सारली. "मामा, पण बेरीज तीच आहे ना! गेल्या आठवड्यात जेवढे अपेक्षित नापास होते तेवढेच आज आहेत. एकही वाढलेला नाही. मग बिघडलं काय?"

इथे मला उठून दार लावून घ्यावेसे वाटले. बेरीज तीच आहे म्हणून काही बिघडले नाही, हे वाक्य माझ्या सख्ख्या भाच्याने एका बी.कॉम. झालेल्या मामापुढे उच्चारावे! तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे समजू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मराठीत नापास झालेल्यांनाही शिकवतात. एका बाजूला शंभराची चूक आणि दुसरीकडे तिला झाकणारी शंभराची दुसरी चूक, की तेरीज कशी आरशासारखी जुळते. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसतात आणि ऑडिटर चहा पिऊन जातो.

आणि मग मी त्याला अकरा नोंदींची गोष्ट सांगितली. ही मी घरात कधी सांगितलेली नव्हती.

त्या वेळी मी ज्या शाखेत होतो, तिथे उचंत खात्याचा रोजचा तक्ता माझ्याकडे असे. तक्त्याच्या तळाशी एकूण नोंदी छापून यायच्या, अकरा. मी टेबल घेतले तेव्हा आधीच्याने सांगितले होते, "या अकरा जुन्याच आहेत." मी रोज तळाचा आकडा बघायचो, अकरा, की बारीक सही ठोकायचो. पानाच्या वरच्या भागाकडे बघायचे कारणच नव्हते. त्याच सुमारास एक आजी यायला लागल्या. नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनच्या थकबाकीची चौकशी करायला. अठरा हजार सहाशे रुपये. दर सोमवारी यायच्या, रांगेत उभ्या राहायच्या, खिडकीशी आल्या की पिशवीतून कागद काढायच्या. मी खाते बघायचो आणि सांगायचो, "आजी, अजून आले नाहीत. तुम्ही ट्रेझरीत विचारा." त्या ट्रेझरीत जायच्या. तिथले सांगायचे, पाठवले. असे तीन महिने चालले.

पैसे आलेले होते. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला म्हणून उचंत खात्यात बसले होते. आणि ज्या दिवशी ते तिथे बसले, त्याच आठवड्यात जुन्या अकरांपैकी एक नोंद दुसऱ्या शाखेने मिटवली होती. अकरातून एक गेला, दहा. एक आला, अकरा. तीन महिने मी रोज त्या आजींच्या पैशांवर सही करीत होतो, आणि दर सोमवारी त्यांना सांगत होतो की ते आले नाहीत.

सापडले तेही माझ्या हुशारीने नव्हे. प्रिंटर बिघडून तक्त्याचा तळ कागदाबाहेर गेला, म्हणून नाइलाजाने नोंदी वरून मोजाव्या लागल्या, आणि मोजताना नाव वाचले. आजींना पैसे दिले तेव्हा मला वाटले होते त्या बोलतील, साहेबांकडे तक्रार करतील. त्या म्हणाल्या, "असू दे रे बाळा, एवढ्या कागदांत तू तरी काय काय बघणार?" साहेबांनी मेमो दिला असता तर मी इतक्या वर्षांत विसरलोही असतो.

भाचेराव काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "एक स्क्रिप्ट आहे, मामा. जीसीसीच्याच सामानात येते. दोन निकाल नावानिशी ताडून बघते." मग त्यांनी जे दाखवले ते पाहून मला त्या अज्ञात लेखकाचे पाय धरावेसे वाटले. ही स्क्रिप्ट आकडे विचारतच नाही. पूर्वी पास होऊन आता नापास झाले कोण, त्यांची नावे. नव्याने आलेले कोण, त्यांची नावे. आणि पूर्वी पास होत होते पण आता यादीतच नाहीत, ना पास ना नापास, अशांची वेगळी यादी, आणि तिच्या मथळ्याशेजारी कंसात चक्क 'ईऽऽक!' असे किंचाळून ठेवले आहे. उंदीर दिसल्यावर आमची ही ओरडते तसे. आजवर मी पाहिलेल्या कुठल्याही ऑडिट रिपोर्टात इतका प्रामाणिक शेरा वाचलेला नाही. जो नापास झाला तो निदान वर्गात आहे. जो गायब झाला त्याच्यासाठी किंचाळायलाच हवे.

त्याच सामानात ज्ञात नापासांची यादी सांभाळणारी आणखी एक स्क्रिप्ट आहे. तिच्यात प्रत्येक नावापुढे मुदतीची तारीख घालता येते. तारीख उलटली की माफी संपली. हे तर साक्षात चेकसारखे झाले. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली, तेव्हा किती जणांनी आमच्या काउंटरवर येऊन वाद घातला! पण कुठलाही वायदा अमर नसावा हे तत्त्व त्यांनाही मनातून पटत होते. मग नापास होण्याचा वायदा तेवढा तहहयात का? सोय हाताशी आहे, आणि तारखेची जागा कोरी. उपाय नाही म्हणून आजारी राहणाऱ्याची कीव येते. औषधाची बाटली उशाशी ठेवून कण्हणाऱ्याची मला येत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, आणि ते हिंजवडीपासून जिथे जिथे कंपायलर शिजतात तिथवर पोचवावे. ज्याला अपेक्षित नापास म्हणाल, त्याच्यापुढे उचंत खात्यातल्या नोंदीसारखे चार रकाने भरा. कारण काय, म्हणजे चुकीचा नोंदणी क्रमांक. कुठल्या यंत्रावर, नेमके. कसा नापास होणार, म्हणजे चुकणार की कोसळणार. आणि कोणत्या तारखेला पुन्हा बघायचे. पास झाला तर त्याच दिवशी शिक्का पुसा. ताडून बघायचे ते नुसते कालच्याशी नव्हे, पक्क्या, सही केलेल्या जुन्या निकालाशीही. आणि तळाच्या बेरजेकडे बघून समाधान मानायची सवय सोडा. बेरीज ही आपल्याला घरी लवकर जाता यावे म्हणून काढलेली असते.

"हे सगळं भरायला वेळ लागतो, मामा."

"आजींना तीन महिने लागले."

भाचेरावांनी स्क्रिप्ट चालवली. गेल्या आठवड्याचा निकाल एका बाजूला, आजचा दुसऱ्या बाजूला. मी चष्मा पुसून बसलो. बेरीज तीच होती, पण नावे ती नव्हती. एक जुना बिचारा सुधारून यादीतून बाहेर पडला होता, आणि त्याच्या जागेवर एक नवीन येऊन बसला होता. परवापरवापर्यंत व्यवस्थित पास होणारा. मंगळवारी त्याच्यावर कोणीतरी शिक्का मारला होता, सगळ्या यंत्रांसाठी, आणि कारणाच्या जागी लिहिले होते, 'नंतर पाहू'.

भाचेरावांनी लगेच पुण्याला फोन लावला. पलीकडून आलेले पहिले वाक्य मला खुर्चीवरून ऐकू आले. "अरे, ते जुनंच आहे!" त्यानंतर भाचेराव जे बोलले ते ऐकून मला वाटले, पोरगे मामावर गेले.

त्या आनंदात मी चहाचा कप उचलला. आतून हिने हाक मारली, "अहो, नळ गळतोय!"

मी सवयीने म्हणालो, "ते जुनंच आहे!"

"गळत होता तो न्हाणीघरातला," ही म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून बोलतेय, आणि पाणी तुमच्या ऑफिसच्या बॅगेपर्यंत आलंय."

न्हाणीघरातला नळ कधी थांबला होता देव जाणे! ठिबक ठिबक मात्र तेवढेच होते.